मस्कटीन : मिसिसिपीच्या वळणावरचं बटणांचं गाव

शुक्रवार

मका, सोयाबीन, पुन्हा मका. शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून पश्चिमेला निघालं की मोलीन येईपर्यंत इलिनॉय दुसरं काही दाखवत नाही. लेबर डेची जोडून सुट्टी होती, बाबा भारतातून आलेले होते आणि त्यांना मोठी शहरं पाहून पुरेसं झालं होतं. बाबांनी आयुष्यभर इचलकरंजीत शिलाईचं दुकान चालवलं. तेव्हा त्यांना न्यायचं तर आयोवातल्या मस्कटीनला, हे माझ्या मनात केव्हापासून होतं. एके काळी जगातली एक तृतीयांशाहून जास्त बटणं या गावात बनत होती.

मोलीनला मिसिसिपी लागते. तिथून बहुतेक गाड्या मोठ्या पुलावरून आयोवात जातात. आम्ही मात्र अलीकडच्याच काठाने ९२ नंबरचा रस्ता धरला, कारण मला नदीचा तो टप्पा नीट बघायचा होता. मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते असं आपण शाळेत शिकलो, पण या टापूत ती चक्क पश्चिमेला वाहते. हिमयुगात, वीसेक हजार वर्षांपूर्वीपर्यंत, तिचा मार्ग इथून नव्हताच. ती इलिनॉयच्या मधून, आज जिथे इलिनॉय नदी आहे त्या खोऱ्यातून खाली जायची. बर्फाच्या प्रचंड थराने ती वाट बुजवली आणि नदीने पश्चिमेला नवी वाट कोरली. वाट नवी म्हणून पात्र अरुंद, तळाला खडक आणि पाण्याला ओढ. डॅव्हनपोर्टपासून सुमारे तीस मैलांवर नदी या अडचणीतून सुटते, जवळजवळ काटकोनात दक्षिणेला वळते आणि ऐसपैस पसरते. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, उंच कड्यावर मस्कटीन वसलंय. वस्ती जेमतेम चोवीस हजार.

हे वळण समजलं की गावाचे सगळे धंदे समजतात. खडकाळ पात्रातून आलेलं वाहतं पाणी आणि तळाला वाळू-खडी, म्हणून शिंपले. वळणानंतर पुराने टाकलेली वाळू, म्हणून खालच्या अंगाला टरबुजं-खरबुजं. काठाला खोल पाणी, म्हणून आगबोटींचा धक्का आणि लाकडाच्या वखारी. गावात कारखाने कुणी आणले यापेक्षा नदीने ते कुठे बसवले, हेच इथे जास्त नजरेत भरतं.

पूल ओलांडून संध्याकाळी गावात शिरलो. खोलीत सामान टाकून थेट नदीकाठी गेलो. काठाला आता लांबच लांब बाग आहे, रेल्वेचा रूळ आहे आणि शिंपले काढणाऱ्या माणसाचा उंच ब्राँझचा पुतळा आहे. याच काठाला एकोणिसाव्या शतकात लाकूड लागायचं. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातल्या पांढऱ्या पाइनचे ओंडके एकत्र बांधून त्यांचे एकरभर पसरलेले तराफे नदीतून खाली आणत. मसर आणि हर्शी या घराण्यांच्या इथे मोठ्या गिरण्या होत्या. फळ्या, दारं, खिडक्या रेल्वेने पश्चिमेच्या गवताळ मुलखात जात. तिथे झाडं नव्हती आणि घरं तर झपाट्याने उभी राहत होती. मग वरची जंगलंच संपली. अप्पर मिसिसिपीवरचा शेवटचा तराफा १९१५ साली गेला, पण गिरण्यांना घरघर त्याच्या बरीच आधी लागली होती. गावाला नवा धंदा हवा होता, आणि तो अगदी पायाखाली होता.

मार्क ट्वेन तरुणपणी, १८५४ च्या सुमारास, काही महिने इथे राहिला. त्याचा भाऊ इथल्या 'जर्नल' या वर्तमानपत्रात भागीदार होता. इथल्या उन्हाळ्यातल्या सूर्यास्ताची त्याने पुढे फार तारीफ केली. आम्हीही तो बघितला. तारीफ खोटी नाही.

शनिवार

सकाळी उघडल्या उघडल्या बटणांच्या संग्रहालयात गेलो. सेकंड स्ट्रीटवरच्या जुन्या विटांच्या इमारतीत ते आहे, आणि गावाच्या बाकी उद्योगांचा इतिहासही तिथेच मांडलाय. तासाभरात बघून होईल असं वाटलं होतं. बाबा दुपारपर्यंत हलले नाहीत.

गोष्ट सुरू होते जॉन बेपल या जर्मन कारागिरापासून. हॅम्बुर्गजवळ त्याचा बटणांचा धंदा होता. शिंग, हाड, समुद्री शिंपले यांची बटणं तो लेथवर कापायचा. अमेरिकेतल्या कुठल्याशा नदीतल्या जाड कवचाच्या शिंपल्यांचा नमुना घरात होता, आणि ती नदी शिकागोच्या नैर्ऋत्येला आहे एवढाच पत्ता. १८८७ साली तो अमेरिकेत आला, शेतमजुरी करत नद्या धुंडाळत राहिला. एका नदीत अंघोळ करताना पायाला काहीतरी कापलं. खाली हात घालून पाहिलं तर शिंपल्यांचा थरच्या थर. तरी भांडवल द्यायला कुणी तयार होईना. अमेरिकेत बटणं युरोपातून स्वस्तात येत होती. १८९० साली मॅकिन्ले यांच्या कायद्याने आयात मालावर जबर जकात बसली आणि एका रात्रीत हिशोब बदलला. १८९१ च्या सुरुवातीला बेपलने मस्कटीनमध्ये पायाने चालवायच्या लेथवर पहिली बटणं कापली.

पुढची पंधरा वर्षं म्हणजे नुसती झुंबड. शेजाऱ्यांनी कोठारात, तळघरात, परसात लेथ बसवले. १९०५ साली मस्कटीनने दीड अब्ज बटणं बनवली, जगाच्या उत्पादनाच्या ३७ टक्के. गावाला 'पर्ल सिटी' म्हणतात ते तेव्हापासून.

हे बनवायचं कसं, ते तिथे अवजारांसकट मांडलंय. शिंपले काढायच्या सपाट होडीला लांब लोखंडी नळी आडवी बांधलेली असते. तिला दोऱ्या लोंबतात आणि दर दोरीला तारेचे चार नख्यांचे आकडे. शिंपला नदीच्या तळाशी अर्धा रुतून, तोंड जरा उघडं ठेवून बसलेला असतो. तळावरून ओढत नेलेला आकडा त्या फटीत शिरला की तो घाबरून कवच घट्ट मिटतो आणि आकड्यालाच पकडून बसतो. म्हणजे आमिषही नको. होडी ओढायला इंजिन नको, पाण्याखाली फळीचं एक शीड सोडायचं, प्रवाहच होडीला खाली नेतो. काठावर आले की शिंपले टाकीत वाफवायचे, मांस काढून टाकायचं आणि ते टाकायच्या आधी बोटांनी चाचपायचं, न जाणो एखादा मोती असेल. डुकरांना ते मांस, माणसांना कवच.

कवच मग कापणाऱ्याकडे. काचेच्या पेटीत एक कवच ठेवलंय, त्यात बटणाएवढी सात गोल भोकं. नळीसारख्या गोल करवतीने एकेक चकती काढलेली. दोन भोकांमधली भिंत कागदासारखी पातळ, कारण कवच फुकट घालवणाऱ्याचे पैसे कापले जात. कडेला जिथे कवच पातळ होतं तिथे छोटी बटणं, बिजागरीजवळ जाड तिथे कोटाची. बाबांनी काचेला नाक लावलं आणि म्हणाले, "बघ, कापड बेतणं आणि हे एकच. आधी मोठे तुकडे, मग उरल्यासुरल्यात छोटे."

मापही ओळखीचं निघालं. बटणाचा व्यास 'लाइन'मध्ये मोजतात, चाळीस लाइनचा एक इंच. आपल्याकडे गारमेंटवाले आजही अठरा लाइन, चोवीस लाइन असंच बोलतात. शर्टाला अठरा, बाबांनी न विचारता सांगितलं.

विक्रीच्या कपाटात जुनी शिंपल्याची बटणं होती. बाबांनी एक उचलून गालाला लावलं, मग तळहातावर दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकला. शिंपल्याचं बटण गार लागतं, वजनाला भरतं, आवाज टणक येतो. प्लास्टिक लगेच अंगाची ऊब घेतं. मग त्यांनी बटण उलटं केलं. मागच्या बाजूला कवचाच्या बाहेरच्या कातडीचा पिवळट-तपकिरी डाग राहिला होता. "हा डाग म्हणजे खात्री," ते म्हणाले. त्यांच्या दुकानात पन्नास वर्षांपूर्वी अशी बटणं मुंबईहून यायची, लग्नाच्या शर्टाला लावायला. ती कुठल्या पाण्यातली, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

दुपारनंतरचा भाग मला जास्त लागला. ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४. पण कापणाऱ्याला एका ग्रोसचे पैसे मिळवायला चौदा डझन चकत्या द्याव्या लागत, खराब निघतील म्हणून. मोजणारा मालकाचा माणूस. करवत गरम होऊ नये आणि धूळ उडू नये म्हणून सतत पाणी सोडलेलं, त्यामुळे कापणारे दिवसभर ओल्यात उभे. तरी घासण्याच्या विभागात धूळ असायचीच आणि ती छातीत बसायची. बोटं जायची. मुली यंत्रांवर आणि निवडायच्या टेबलांवर, आणि गावभरच्या घरांत बायका-पोरं पुठ्ठ्याच्या कार्डांवर बटणं शिवत बसलेली. बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याच गल्लीत काज-बटणाचं काम घरी नेणाऱ्या बायका होत्या, नगावर पैसे, आणि मोजणी नेहमी दुकानदाराची. बाबा स्वतः तो दुकानदार होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

१९१० साली कामगारांनी युनियन काढली. १९११ च्या फेब्रुवारीत मालकांनी कारखानेच बंद केले, अडीच हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर. मग पंधरा महिने संप, टाळेबंदी, मारामाऱ्या आणि गव्हर्नरने धाडलेली फौज. पर्ल मॅगिल ही शेजारच्या ग्रँडव्ह्यू गावातून कामाला आलेली कोवळ्या वयाची मुलगी यात पुढे आली. ती गावोगाव भाषणं देत, संपकऱ्यांसाठी पैसे गोळा करत फिरली आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या मोठ्या गिरणी संपातही गेली. मस्कटीनच्या कामगारांच्या हाती फारसं काही लागलं नाही. युनियन मोडली. माझ्या मते या गावात बेपलच्या जोडीला मॅगिलचाही पुतळा हवा. जकातीने कारखाने आणले, हे खरं, पण दीड अब्ज बटणं जकातीने कापली नाहीत.

बेपलचंही पुढे बरं झालं नाही. यंत्रं आली. मस्कटीनच्याच बॅरी बंधूंनी बटणाला खोलगट आकार देऊन भोकं पाडणारं स्वयंचलित यंत्र काढलं. बेपलला हातकामच भावायचं. स्वतःच्या नावाच्या कंपनीतून तो बाहेर पडला आणि शेवटी सरकारी नोकरीत शिंपल्यांचा जाणकार म्हणून लागला. १९१२ साली वारला, तेही शिंपल्याने पाय कापून रक्त दूषित झाल्यामुळे, असं सांगतात.

मग प्लास्टिक आलं, झिप आली, आणि कपडे धुण्याची यंत्रं आणि कडक साबण आले. त्यात शिंपल्याचं बटण निस्तेज व्हायचं. १९६० च्या दशकात इथली शिंपल्याची बटणं संपली, काही कारखाने प्लास्टिकच्या बटणांकडे वळले. पण शिंपल्यांना तेव्हाही सुट्टी मिळाली नाही. जपानी मोत्यांच्या शेतीत कालवाच्या पोटात जो गोल मणी ठेवतात, त्याला मिसिसिपी खोऱ्यातल्या जाड कवचाचा मणी सगळ्यात चांगला ठरला. कवचं पोत्यांनी जपानला गेली. जपानी मोत्याच्या आत फार वेळा या नद्यांचा तुकडा असतो.

संध्याकाळी थर्ड स्ट्रीटवर अलेक्झांडर क्लार्क यांचं घर बघितलं. क्लार्क कृष्णवर्णीय, पेशाने न्हावी, आगबोटींना जळाऊ लाकूड विकून सुस्थितीत आलेले. त्यांच्या मुलीला, सुसानला, १८६७ साली गावातल्या गोऱ्या मुलांच्या शाळेने प्रवेश नाकारला. ते कोर्टात गेले आणि १८६८ साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वर्णावरून मुलांना वेगळ्या शाळेत घालता येणार नाही. अख्ख्या देशासाठी असा निकाल यायला १९५४ साल उजाडावं लागलं. क्लार्क पुढे वकील झाले आणि १८९० साली लायबेरियात अमेरिकेचे राजदूत म्हणून गेले. नदीवरच्या लाकडाच्या पैशातून उभी राहिलेली इतकी मोलाची गोष्ट या गावात दुसरी नाही.

रविवार

सकाळी नदीच्या काठाने वरच्या अंगाला, पूर्वेला निघालो. आधी वाइल्डकॅट डेन उद्यानातली पाइन क्रीकची पाणचक्की बघितली. १८४८ सालची, तीन मजली, लाकडी, आणि गावकऱ्यांनी डागडुजी करून चालती ठेवलेली. बाबांना दगडी जाती आवडली, मला मागचे वालुकाश्माचे कडे. पण मन फेअरपोर्टकडे होतं.

फेअरपोर्ट म्हणजे नदीकाठची चार घरं आणि एक मत्स्यबीज केंद्र. आज ते राज्य सरकारचं आहे. १९०८ साली अमेरिकी काँग्रेसने इथे शिंपल्यांच्या अभ्यासासाठी केंद्र मंजूर केलं, कारण नदी रिकामी होत चालल्याचं तोवर लपण्यासारखं राहिलं नव्हतं. थोड्या खालच्या अंगाला न्यू बोस्टनजवळ दोन मैल लांब आणि पाव मैल रुंद असा शिंपल्यांचा एक थर होता. तिथून तीनेक वर्षांत सुमारे दहा हजार टन शिंपले उपसले. कोटींच्या घरात जीव. एक थर संपला की होड्या दुसरीकडे, मग उपनद्यांत, मग आर्कान्सा, इंडियाना. कारखाने मस्कटीनमध्येच राहिले, माल मात्र दरवर्षी लांबून यायला लागला.

शिंपला वाढायला वर्षं लागतात, काही जाती तर अनेक दशकं जगतात. शिवाय त्यांचं मूल वाढायची रीत इतकी नाजूक आहे की ऐकून मी थक्क झाले. मादीच्या पोटातून बाहेर पडलेली सूक्ष्म पिल्लं पाण्यात एकटी तग धरत नाहीत. त्यांना माशाच्या कल्ल्यात जाऊन चिकटावं लागतं. तिथे काही आठवडे काढायचे, मग खाली पडून तळात रुतायचं. मासा नाही तर शिंपला नाही, आणि बहुतेक जातींना विशिष्ट मासाच लागतो. काही जातींच्या माद्या तर कवचाच्या कडेची मांसल झालर अशी हलवतात की हुबेहूब लहानसा मासा पोहतोय. डोळ्याचा ठिपका, शेपटी, सगळं. मोठा मासा भक्ष्य म्हणून झडप घालतो आणि पिल्लांचा लोंढा थेट त्याच्या तोंडात. ज्या प्राण्याला डोळे नाहीत, तो माशाची इतकी बारीक नक्कल करतो. हे वाचल्यावर कालच्या त्या सात भोकांच्या कवचाकडे मला पहिल्यासारखं बघता येईना.

फेअरपोर्टच्या शास्त्रज्ञांनी हे सगळं तपशिलात शोधलं. कुठल्या शिंपल्याला कुठला मासा चालतो याच्या याद्या केल्या. पूर ओसरताना डबक्यांत अडकलेले मासे जाळ्यांनी धरून, त्यांच्या कल्ल्यांना शिंपल्यांची पिल्लं लावून, ते परत नदीत सोडले. काम मोठ्या प्रमाणावर झालं, विज्ञान म्हणून अव्वल झालं आणि उपसा पाहता अपुरं पडलं. सरकार एका हाताने पिल्लं सोडत होतं आणि काठावरच्या होड्या रोज त्यांचे आईबाप नेत होत्या. कायद्याने काही पट्टे आळीपाळीने बंद ठेवायला सांगितलं, तेही उशिरा. त्यात नांगरलेल्या जमिनीचा गाळ आणि शहरांचं सांडपाणी नदीत उतरलं.

केंद्राच्या तळ्यांकाठी आम्ही बराच वेळ फिरलो. बाबा म्हणाले, "धंदा करणाऱ्याला सुताचा साठा कळतो, नदीचा साठा कसा कळावा?" मी म्हटलं, "कळत होता बाबा. म्हणून तर हे केंद्र काढलं." त्यावर त्यांनी मान हलवली. माझं मत ठाम आहे. इथे अज्ञान नव्हतं. आकडे होते, अहवाल होते, जाणकार पगारावर होते. मस्कटीनला थांबायचं नव्हतं, कारण थांबणाऱ्याचा माल शेजारचं गाव उचलणार होतं.

दुपारी परत येताना गावाच्या वेशीवरच्या सोळा नंबरच्या लॉक आणि धरणापाशी थांबलो. लॉक म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीला नेणारी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची खोली. १९३० च्या दशकात अप्पर मिसिसिपीवर अशा धरणांची माळच उभी राहिली. हेतू पूर अडवण्याचा नाही, वीज करण्याचाही नाही. बार्ज, म्हणजे मालवाहू सपाट होड्या, चालायला किमान नऊ फूट पाणी हवं, एवढंच काम. नदीची झाली पायऱ्या-पायऱ्यांची तळी. लॉकची खोली ६०० फूट लांब, आणि पंधरा बार्जचा ताफा त्याच्या जवळजवळ दुप्पट. आमच्यासमोर एक ताफा आला. पुढच्या नऊ बार्ज आधी आत ढकलल्या, दोर सोडले, दरवाजा मिटला, पाणी उतरलं. मग त्या बाहेर ओढून काढल्या आणि पाठोपाठ उरलेल्या सहा बार्ज टगसकट आल्या. पुन्हा दोर आवळले आणि मंडळी दक्षिणेला निघाली. दीड-दोन तासांचा खेळ. अशा एका ताफ्यात साधारण २२,५०० टन धान्य मावतं, ट्रकने न्यायचं तर आठशेहून जास्त फेऱ्या. आयोवाचा मका आणि सोयाबीन असं न्यू ऑर्लिन्सपर्यंत जातं आणि तिथून जगभर. शी जिनपिंग १९८५ साली हेबेई प्रांतातले एक तरुण अधिकारी म्हणून शेती पाहायला आले, ते याच गावात एका कुटुंबाकडे उतरले होते. २०१२ साली उपराष्ट्राध्यक्ष असताना मुद्दाम पुन्हा येऊन गेले. गाव लहान, पण मका-सोयाबीनच्या वाटेवर अगदी मोक्याचं.

या धरणांनी शिंपल्यांची उरलीसुरली जागाही बदलली. वाहतं पाणी संथ झालं, खडीवर गाळ बसला. १९९१ च्या सुमारास परदेशी झेब्रा शिंपले वरपर्यंत पोचले. ते नखाएवढे, पण इथल्या शिंपल्यांच्या पाठीवर शेकड्यांनी चिकटून त्यांना गुदमरवतात. 'हिगिन्स आय' ही इथली एक जात आज देशाच्या संकटग्रस्त यादीत आहे. विस्कॉन्सिनमधल्या जिनोआच्या केंद्रात तिची पिल्लं माशांवर वाढवून पुन्हा नदीत सोडतात. फेअरपोर्टला शंभर वर्षांपूर्वी सापडलेली रीतच मूळ धरून. फरक एवढाच की आता ती बटणांसाठी नाही.

सोमवार

सकाळी गावाच्या दक्षिणेला, मस्कटीन आयलंडवर. नाव बेट, पण आज ते बांधाआडचं सपाट रान आहे. एका बाजूला मिसिसिपी, दुसऱ्या बाजूला तिचा जुना फाटा, आणि मधे पायाखाली नुसती वाळू. आयोवाची काळी जमीन प्रसिद्ध, पण इथली फिकी, हातात घेतली की बोटांतून गळते. वाळू लवकर तापते, पाणी धरत नाही, पण थोडं खोल गेलं की नदीचं पाणी भरपूर. टरबूज-खरबूज याहून काय मागणार! पंढरपूरकडे भीमेच्या वाळवंटातली कलिंगडं ज्याने खाल्ली आहेत, त्याला हे पटकन कळेल. फ्रूटलंडजवळ रस्त्याकडेच्या ठेल्यावरून आम्ही दोन खरबुजं घेतली. बाबांनी नाकाशी धरून, देठाजवळ अंगठा दाबून निवडली. ठेल्यावरच्या आजीबाईंनी पसंतीची मान डोलावली. एक तिथेच कापून खाल्लं.

१९९३ च्या पुरात नदी मस्कटीनला पंचवीस फुटांच्या वर चढली होती. पुराची पातळी सोळाला धरतात. बांध नसता तर हे सगळं रान पाण्याखाली. त्याच बांधाच्या आडोशाने इथले कारखाने उभे आहेत. हाइन्झने पिट्सबर्गबाहेरचा आपला पहिला कारखाना १८९३ साली मस्कटीनला काढला, कारण भाजी-टोमॅटो दारात पिकत होते. त्याच्या पुढे मक्यापासून स्टार्च आणि अल्कोहोल करणारी ग्रेन प्रोसेसिंग या कंपनीची अवाढव्य वसाहत, दुसऱ्या महायुद्धात अल्कोहोलची गरज पडली तेव्हाची. हवेत भाजलेल्या मक्याचा जड वास. इथल्या हवेवरून रहिवाशांनी वर्षानुवर्षं भांडण केलंय, प्रकरणं कोर्टात गेली आहेत, आणि सकाळी गाडीची काच खाली केली की त्यांचं म्हणणं कळतं.

बाकी दोन कारखान्यांची नावं गावाबाहेरच्यांना फारशी ठाऊक नसतील. एक हॉन. १९४४ साली तिघांनी स्वयंपाकघरातली कपाटं करायला सुरू केली, युद्धानंतर पोलाद मिळेना म्हणून कार्डं ठेवायच्या पत्र्याच्या डब्यांवर आले आणि तिथून ऑफिसच्या फर्निचरमध्ये देशातल्या मोठ्या कंपन्यांत जाऊन बसले. दुसरी बँडॅग. रॉय कार्व्हर या मस्कटीनच्या उद्योजकाने जर्मनीतून जुन्या टायरवर नवा पट्टा चढवायच्या पद्धतीचे हक्क आणले, १९५७ साली. आपल्या हायवेवर जागोजागी 'टायर रिमोल्डिंग'चे बोर्ड दिसतात, त्या धंद्यातलं हे मोठं नाव. २००७ साली ती ब्रिजस्टोनने घेतली.

लाकूड संपलं तर शिंपले, शिंपले संपले तर पत्रा आणि रबर. माणसांचं गाव प्रत्येक वेळी सावरलं. पाण्यातल्या वस्तीला ती सोय नव्हती.

दुपारी घरी परतायचं ठरलं होतं, पण बाबाच म्हणाले, "ते धरण बघून जाऊ या." तेव्हा उलट दिशेने, नदीसोबत दक्षिणेला, दीड-पावणेदोन तासांवर कीओककला गेलो. १९१३ साली पुरं झालेलं हे धरण, मिसिसिपीच्या आडवं मैलभराला थोडं कमी, ११९ दरवाज्यांचं. वीज तिथून थेट सेंट लुइसला जायची, त्या काळी जगाला नवल वाटलं होतं. आजही वीज तयार होते. काठावरून बघताना पाण्याची गर्जना छातीत जाणवते.

बटणांसाठी सगळ्यात लाडका शिंपला होता 'एबनीशेल'. बाहेरून काळा, आतून शुभ्र, सगळीकडे सारखा जाड. तोच मस्कटीनच्या धंद्याचा कणा. त्याच्या पिल्लांना चालणारा मासा म्हणजे स्किपजॅक हेरिंग, दक्षिणेकडून दरवर्षी वर चढत येणारा. १९१३ नंतर तो वर यायचा जवळपास थांबला. उपशातून वाचलेले एबनीशेल वरच्या नदीत पुढे कितीतरी वर्षं जगले, दरवर्षी पिल्लं सोडत राहिले, पण ती ज्याच्या कल्ल्यात बसायची तो मासाच येत नव्हता. शास्त्रज्ञांना तिथे सापडले ते म्हातारे शिंपलेच, तरुण एकही पिढी नाही. बाबांनी विचारलं, "मग शिंपल्यांना कुणी संपवलं, बटणवाल्यांनी की वीजवाल्यांनी?" मी सांगितलं ते असं : बटणवाल्यांनी साठा खाल्ला आणि धरणाने तो भरायची वाट बंद केली. नुसता उपसा असता तर हात आवरल्यावर नदी कदाचित भरून आली असती. माशांसाठी धरणाला चांगली वाट तेव्हा ठेवली गेली नाही.

तिथून घरी पोचायला रात्र झाली. उरलेलं खरबूज दुसऱ्या दिवशी कापलं, गोडी तीच होती.